सहा जणी आणि एक भट्टी: काचेचा पहिला वर्ग कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई वडोदऱ्यातच, मांजलपूरला राहतात. दोन वर्षांपासून घरी भट्टीत काच वितळवून, म्हणजे फ्यूज्ड ग्लासचं, काम करतात. सिरॅमिक करणाऱ्या मैत्रिणीकडून जुनी विजेची भट्टी घेतली आहे. तारा बाजूच्या भिंतींत, आतली फळी ३० सेंमी बाय ३० सेंमी, कंट्रोलर नवा बसवून घेतलाय. सोसायटीतल्या आठ-दहा जणी शिकायला उत्सुक आहेत. एका दिवसाच्या वर्गात प्रत्येकीने एक प्लेट करून संध्याकाळी घरी न्यावी, असं जमेल का? काच कुठली घ्यावी? फी किती ठेवावी?

ताई, मी वडोदऱ्यात चौदा वर्षं हा वर्ग घेते आहे. एका दिवसात जमणार नाही. आठ-दहा जणींचंही जमणार नाही, आणि प्लेट तर पहिल्या वर्गात नकोच. पण वर्ग जरूर घ्या, आणि तो खुर्च्या मोजून न आखता भट्टीच्या फळीवरून मागे मागे मोजत आखा. किती जणी, किती मोठी वस्तू, किती दिवस, किती पैसे, ही चारही उत्तरं त्या फळीवर आहेत.

तुमचीच फळी घेऊ. तारा बाजूला असल्यामुळे काच कडेपासून किमान २ सेंमी आत ठेवायची, नाहीतर तारेकडची बाजू आधी तापते आणि तुकडा तडकतो. दोन तुकड्यांमध्ये दीड सेंमी अंतर हवं, कारण काच मऊ झाली की थोडी पसरते. आता १० सेंमीचा चौकोन धरला, तर या फळीवर जेमतेम चार बसतील. साडेसात सेंमीचा धरला तर एका ओळीत तीन बसतात, असे एकूण नऊ. नवांपैकी सहा शिकणाऱ्यांचे, एक तुमचा स्वतःचा नमुना, काचा एकमेकींशी जुळतात का ते तपासायची एक पट्टी, आणि एक जागा राखीव. ती राखीव जागा सोडू नका. कुणाचा तरी तुकडा ठेवताना हातातून निसटतोच, मग तिला नव्याने करायला देता येतं. म्हणून सहा जणी. उरलेल्या चौघींना पुढच्या खेपेची तारीख द्या.

साडेसात सेंमी ऐकायला लहान वाटतं. पण चहाच्या कपाखाली बसतं, पणतीखाली बसतं, आणि पहिल्यांदा काच कापणाऱ्या हाताला तेवढं पुरेसं असतं. प्लेट करायची म्हणजे आधी सपाट वितळवायची आणि मग साच्यावर ठेवून ६५० अंशांच्या आसपास पुन्हा एकदा तापवून वाकवायची. म्हणजे दोन फेऱ्या आणि सहा साचे. ते दुसऱ्या वर्गासाठी ठेवा.

आता वेळ. तुमची भट्टी बाजूने तापणारी, म्हणून सावकाश घ्या. ९० प्रसरणांकाची काच (तापल्यावर काच किती फुगते त्याचा हा आकडा, पुढे सांगते), ३ मिमीचे दोन थर, म्हणजे एकूण ६ मिमी, असं धरून मी माझ्या सिरॅमिकच्या भट्टीत जे लावते ते सांगते. ताशी १५० अंशांनी ६७० पर्यंत, तिथे अर्धा तास थांबायचं. या थांब्यात वरचा थर हळूहळू खाली बसतो आणि मधली हवा कडेने निघून जाते. मग ताशी ३०० ने ८०४ पर्यंत, तिथे १० मिनिटं. त्यानंतर भट्टीला आपोआप ४८२ पर्यंत उतरू द्यायचं, तिथे एक तास. मग ताशी ८० ने ३७० पर्यंत, आणि नंतर बंद. झाकण मात्र लावलेलंच. एवढ्यालाच नऊ तास होतात. सिरॅमिकच्या भट्टीच्या विटा जाड, त्यामुळे पुढे ५० अंशांखाली यायला आणखी आठ-दहा तास, मे महिन्यात त्याहूनही जास्त. शनिवारी संध्याकाळी पाचला लावली तर रविवारी दुपारपर्यंत झाकणाला हात नाही.

म्हणून वर्ग दोन बैठकांचा. शनिवारी सकाळी तीन तास कापणं आणि मांडणं. रविवारी संध्याकाळी दीड तास भट्टी उघडणं. दुसरी बैठक कुणाला अनावश्यक वाटते, "तुम्हीच काढून ठेवा, मी मुलाला पाठवते" असं म्हणतात. त्याला हो म्हणू नका. या कामात अर्धं शिक्षण भट्टी उघडताना होतं. ते पुढे सांगते.

या सगळ्यात ४८२ चा तो एक तास सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि वर्गात तो समजावायला मी काही वेगळं बोलत नाही. दूध तापवून लगेच फ्रिजमध्ये घालत नाही, आधी निवू देतो, तसंच. काच वरून लवकर गार होते आणि आतून गरम राहते. बाहेरचा भाग आकसून घट्ट झाला आणि आतला नंतर आकसायला लागला, की दोघांमध्ये ओढाताण उरते. ती डोळ्यांना दिसत नाही. तुकडा छान दिसतो, घरी जातो, शोकेसमध्ये बसतो आणि एखाद्या रात्री आपोआप फुटतो. ४८२ ला थांबलं की आतबाहेर तापमान सारखं होतं आणि काच ती ओढाताण सोडून देते. ९६ च्या काचेला हा थांबा ५१० च्या आसपास लागतो, खिडकीच्या काचेला आणखी वर, ५५० च्या जवळ. हे आकडे एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत.

आता काच कुठली, हा तुमचा प्रश्न. माझ्या पहिल्या वर्गाची गोष्ट सांगते. दहा जणी होत्या. खर्च वाचवायला मी तळाला खिडकीची काच घेतली आणि रंगासाठी बाटल्यांचे तुकडे, जुन्या झुंबराचे लोलक, जे मिळेल ते. भट्टीतून काढलं तेव्हा दहापैकी सात तडकलेले. तीन बरे निघाले म्हणून मी खूश झाले आणि देऊन टाकले. त्यातल्या एकीचा फोन तीन आठवड्यांनी आला, टीव्हीवर ठेवलेली फरशी रात्री आवाज करून दोन झाली होती. तिला वाटलं आपल्याच हातून काही झालं. तिचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती. तेव्हापासून मी न जुळणारी काच वर्गात कुणाच्या हातात देत नाही.

जुळणं म्हणजे काय, हे आकड्यात पाहा. ९० आणि ९६ हे आकडे सांगतात की एक अंश तापमान बदललं तर काच किती फुगते किंवा आकसते. फरक सहाचाच. पण ४८२ वरून खोलीच्या तापमानापर्यंत येताना साडेसात सेंमीच्या तुकड्यात हा फरक ०.०२ मिमी होतो. केसाहूनही बारीक. तरी काच तेवढा फरक सोसत नाही, कारण तिला कापडासारखं ताणलं जाता येत नाही. आणि आकडा सारखा असला म्हणजे जुळतेच असंही नाही; तापल्यावर ती किती घट्ट वा पातळ होते त्यावरही अवलंबून असतं. म्हणून पहिल्या वर्गाला एकाच कारखान्याची, फ्यूजिंगसाठी तपासलेली काच घ्या. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बुल्सआय कंपनीने, जी १९७४ साली सुरू झाली, हे काम नेटाने केलं आणि ९० ची काच त्यांच्यामुळेच जगभर रुळली. बाहेरून मागवावी लागते, महाग पडते. पण हिशेब करा: साडेसातचा चौकोन, ६ मिमी जाड, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम काच. कापातली नासाडी धरून माणशी १५० ग्रॅम. सहा जणींना एक किलोच्या आत.

खिडकीच्या काचेवर करायचंच असेल तर सगळे तुकडे एकाच शीटमधून कापा. मांडवीजवळचा माझा काचवाला मला कधी एका शीटचे, कधी दोन शीटचे उरलेले तुकडे एकत्र बांधून द्यायचा. मी त्याला कारण समजावलं, आता तो शीटवर खडूने खूण करून देतो. आणखी एक गोष्ट. ही काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात, पिलकिंग्टनची ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली. त्यामुळे तिच्या एका बाजूला कथिलाचा अंश राहतो, आणि साच्यावर वाकवताना ती बाजू कधी कधी दुधाळ होते. लहान लहरीच्या अतिनील दिव्याखाली कथिलाची बाजू धुरकट चमकते, त्यावरून ओळखायची. सपाट कामात फारसा त्रास नाही, पण सगळे तुकडे एकाच बाजूने ठेवायची सवय लावा.

जुळणी तपासायला यंत्र लागत नाही. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा, आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून इतका फिरवा की पडदा काळा दिसेल. आता मध्ये काच धरा. ताण नसेल तर काच काळीच राहते. ताण असेल तर रंगाच्या तुकड्याभोवती उजेडाची कड दिसते. मी पारदर्शक पट्टीवर सहा-सात रंगांचे नखाएवढे तुकडे वितळवून घेते आणि ती पट्टी वर्गात फिरवते. त्यात मुद्दाम एक न जुळणारा तुकडा असतो. त्याभोवतीचा तो लख्ख उजेड पाहिला की मग कुणी "माझ्याकडची बाटली लावू का?" विचारत नाही.

तरी एकदा दांडिया बाजारच्या एक काकू डबा घेऊन आल्या. डब्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे. लग्नातल्या चुड्यातल्या बांगड्या वाढवल्या होत्या, एकेक करून, तरी तुकडे चाळीस वर्षं जपलेले. लेकीसाठी त्यांची एक फरशी करायची होती. मी तिथल्या तिथे नाही म्हणाले नाही. दोन तुकडे पट्टीवर लावून वितळवले, पडद्यासमोर धरून त्यांना दाखवलं. प्रत्येक तुकड्याभोवती पांढरी कड होती. बांगडीची काच माझ्या काचेशी जुळत नव्हती. मग मी म्हटलं, काकू, बांगडी बांगडीशी तर जुळेल ना. एकाच बांगडीचे तुकडे वेचले, प्रायमर, म्हणजे काच चिकटू नये म्हणून द्यायचा लेप, लावलेल्या फळीवर लहानसा ढीग केला, खाली दुसरी कुठलीही काच नाही. सावकाश वितळवला, सावकाश निववला. रुपयाएवढी हिरवी गोळी निघाली, थोडी फुगीर, आत दोन बुडबुडे. काकूंनी ती चांदीत मढवून घेतली. अशी वस्तू कुणी आणली तर असाच मार्ग काढा, पण वर्गाच्या भट्टीत इतरांच्या कामाबरोबर नको. तिची वेगळी फेरी लावा.

शनिवारच्या तीन तासांतला पहिला तास निव्वळ कापण्याला द्या, तोही स्वस्त खिडकीच्या काचेवर. बहुतेक जणी काच कापतो म्हणजे सुरीने कापल्यासारखं कापतो असं समजून येतात. कटरचं चाक काचेवर फक्त एक रेघ ओढतं, काच त्या रेघेवर आपण मोडतो. दाब किती द्यायचा हे सांगून कळत नाही. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणते, त्यावर काच ठेवते आणि कटर टेकवून दाबायला लावते. काट्यावर दोन ते तीन किलो दिसेल एवढा दाब. सगळ्या जणी आधी पाच-सहा किलो दाबतात. दाब बरोबर असेल तर कापड फाडल्यासारखा बारीक, सलग सर्र आवाज येतो आणि रेघ दिसते न दिसते. पांढरी, चुरा उडणारी रेघ दिसली की दाब जास्त झाला. रेघ काठापासून काठापर्यंत एका दमात, आणि त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कधीच नाही. चाकही जातं आणि काचही वेडीवाकडी तुटते. चाक केरोसीनमध्ये किंवा हलक्या मशीन तेलात बुडवून घ्यायचं, आणि काच वितळवण्याआधी ते तेल साबणाने धुऊन टाकायचं. बोटांचे ठसेसुद्धा पुसा, नाहीतर पृष्ठभागावर पांढुरका खरबरीतपणा येऊ शकतो.

हे सगळं उभं राहून करायचं. बसून हात मोकळा चालत नाही.

पायात बूट. आपल्याकडे दारात चपला काढायची सवय असते, म्हणून फोन करून आधीच सांगा की आपल्या वर्गात बूट घालूनच वावरायचंय. डोळ्यांना संरक्षक चष्मा. ओढणी बांधलेली, पदर खोचलेला. टेबल हाताने झटकायचं नाही, ब्रश वापरायचा, आणि जमीन कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने. काचेची भुकटी वापरताना आणि फळीवरचा जुना प्रायमर घासताना एन९५ मास्क, यात सूट नाही. लिलो चेवडा आणि चहा दुसऱ्या खोलीत, हात धुऊन. बारा वर्षांखालच्या मुलांना कटर देऊ नका, त्यांना कापलेले तुकडे द्या. मांडणीत ती मोठ्यांपेक्षा धीट असतात.

मांडणीला भरपूर वेळ द्या आणि नियम कमी सांगा. मी तीनच सांगते. पहिला, ६ मिमीचा. वितळलेली काच स्वतःहून साधारण ६ मिमी जाडीवर यायला बघते. एकच ३ मिमीचा थर ठेवला तर ती आत ओढली जाते आणि कडा टोकदार होतात. तीन-चार थर ठेवले तर पसरून शेजारणीच्या तुकड्याला चिकटते. दुसरा, लहान तुकडे कडेपासून ३ मिमी आत ठेवा. तिसरा, गोंद नाममात्र. पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा मोहरीएवढा थेंब, तोही तुकडा हलत असेल तरच. जास्त झाला की जळून डाग राहतो.

रंगांचं मात्र दाखवावं लागतं. काही लाल-पिवळ्या काचा कच्च्या असताना फिक्या दिसतात आणि भट्टीत तापल्यावरच रंगतात. तांबं असलेला फिरोजी आणि गंधक असलेला पिवळा शेजारी आले की मध्ये तपकिरी रेघ उमटते. कुणाला ती आवडते, कुणाचा विरस होतो. म्हणून प्रत्येक रंगाचा आधी भाजलेला नमुना कच्च्याच्या शेजारी ठेवा. आपल्या लोकांच्या मनात रंगीत काच म्हटलं की लक्ष्मी विलास राजवाड्याचा दरबार हॉल येतो. तिथल्या खिडक्यांत तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून जोडलेले आहेत, प्रत्येक तुकडा वेगळा राहतो. इथे तुकडे एकमेकांत वितळतात, पट्टीची काळी रेघ नसते. सुरुवातीलाच एवढं सांगितलं की चित्र काढताना त्या काळ्या रेघा शोधत बसत नाहीत.

फळीची तयारी आदल्या दिवशीच. प्रायमर पातळ ताकासारखा कालवून, मऊ ब्रशने चार-पाच हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. मग भट्टीत २६० अंशांना पूर्ण वाळवा. ओल राहिली तर तिची वाफ काचेखाली मोठा फुगा करते. विजेचं सांगते: ३ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टला १३ अँपिअर ओढते. तिला स्वतंत्र १६ अँपिअरची लाइन आणि वेगळा एमसीबी हवाच. एक्स्टेंशन बोर्डावर कधीही नाही.

आता रविवार. झाकण मी उघडते, पण तुकडा जिचा तिनेच उचलायचा. कुणाचा तडकलेला निघाला तर लपवू नका, तोच सगळ्यांना दाखवा, तिची परवानगी घेऊन. तडकलेल्या कडेवरून बोट फिरवू नका, भिंगातून पाहा. कड गुळगुळीत, गोलसर असेल तर काच वर चढतानाच तडकली होती आणि नंतर कडा वितळल्या. म्हणजे सुरुवातीचा वेग जास्त झाला. कड धारदार असेल तर उतरताना तडकली. निववणं कमी पडलं किंवा झाकण लवकर उघडलं. तडा रंगाच्या सीमेवरूनच गेला असेल तर काच जुळत नव्हती. ही तपासणी सहा जणींनी मिळून केली की त्या पुढच्या वेळी स्वतःची भट्टी स्वतः वाचू शकतात. माझ्याकडे शिकून गेलेल्या एकीला मी अजून विचारते, पहिल्या दिवसाचं काय आठवतं? ती तिच्या तडकलेल्या तुकड्याचं सांगते, शेजारणीच्या सुंदर फुलाचं नाही.

मागची बाजू प्रायमरमुळे खरबरीत असेल, ती पाण्यात घासा. खाण्यासाठी वापरायचं का, असं विचारतील. रंगाचे एनॅमल, म्हणजे काचेवर लावून भाजायचे रंग, वापरले असतील आणि डब्यावर अन्नासाठी चालतात असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर शोभेचंच समजायचं.

फीचं सरळ आहे. काचेचे माणशी १५० ग्रॅम, विजेचे युनिट फेरीआधी आणि नंतर मीटर पाहून, प्रायमर, कटरच्या चाकाची झीज, आणि तुमच्या दोन बैठका, शिवाय आदला दिवस. त्या आदल्या दिवसाचे पैसे घ्यायला लाजू नका. "मैत्रिणीच तर आहेत" म्हणून मी चार वर्षं ते धरले नाहीत, आणि शेवटी वर्ग बंद करायची वेळ आली होती.

वर्ग ठरवण्याआधी एक फेरी पूर्ण भरून करा. नऊच्या नऊ चौकोन, वर सांगितलेल्या अंतराने, रिकाम्या भट्टीत दोन तुकडे ठेवून नाही. कंट्रोलर ८०४ दाखवतो तेव्हा त्याच्या तापमान मोजणाऱ्या टोकाजवळ ८०४ असतं, फळीच्या कोपऱ्यात १५-२० अंशांचा फरक असू शकतो. कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या कडा अजून चौकोनी राहिल्या असतील आणि मधल्यांच्या गोल झाल्या असतील, तर ८०४ च्या थांब्यात पाच मिनिटं वाढवा. प्रत्येक तुकड्यावर कुठे ठेवला होता ते मार्करने लिहा आणि मग पडद्यासमोर धरून पाहा. गॉगल नसेल तर पोलराइज्ड फिल्मचे दोन तुकडे माझ्याकडे जादा आहेत. मांजलपूरहून दांडिया बाजार काही लांब नाही, ते नऊ चौकोन घेऊन या, दोघी मिळून बघू.